प्रथिनांचा डबा आणि कृश प्रमेही

गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यातील औषधी दुकानांच्या दर्शनी कपाटांचे रूप पालटले आहे. जेथे पूर्वी च्यवनप्राश, आसव-अरिष्टे आणि दंतमंजने मांडलेली असत, तेथे आता प्रथिनांच्या भुकटीचे मोठमोठे डबे दिसतात. त्यांपैकी काहींवर ‘मधुमेहींसाठी’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. परभणी शहरापुरतीच ही गोष्ट मर्यादित राहिलेली नाही. जिंतूर, सेलू, गंगाखेड येथील दुकानांतूनही हे डबे खपू लागले आहेत. रुग्ण तो डबा पिशवीतून काढून आपल्यासमोर ठेवतो आणि विचारतो, ‘डॉक्टरसाहेब, हे घेऊ का?’ या प्रश्नाला आपण वैद्यमंडळी काय उत्तर देतो, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. आमच्या अनुभवाप्रमाणे आपल्यापैकी निम्मे ‘घ्या, चांगलेच आहे’ म्हणतात आणि उरलेले ‘हे सगळे थोतांड आहे’ म्हणून डबा बाजूला सारतात. ही दोन्ही उत्तरे रुग्णाकडे न पाहता दिलेली असतात, असे आमचे मत आहे.

प्रथम आधुनिकांचे म्हणणे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. २००३ साली अमेरिकेतील मिनिआपोलिस येथील गॅनन व नटॉल या संशोधकांनी टाइप २ मधुमेहाच्या बारा रुग्णांवर पाच आठवड्यांचा प्रयोग केला. आहारातील उष्मांकांपैकी प्रथिनांचा वाटा १५ टक्क्यांवरून ३० टक्के केला आणि पिष्टमय पदार्थांचा वाटा ५५ वरून ४० टक्क्यांवर आणला. चोवीस तासांत उपाशीपोटीच्या पातळीच्या वर होणारी रक्तशर्करेची एकूण वाढ ४० टक्क्यांनी घटली. ग्लायकेटेड हिमोग्लोबिन नेहमीच्या आहारात ०.३ अंकांनी, तर वाढीव प्रथिनांच्या आहारात ०.८ अंकांनी उतरले. रुग्णसंख्या लहान आहे, हे मान्य. परंतु दिशा स्पष्ट आहे.

यामागील चयापचयाची क्रियाही समजून घेण्याजोगी आहे. प्रथिनांचे पचन होऊन अमिनो आम्ले रक्तात आली की स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते. त्याच वेळी त्याच्या विरुद्ध कार्य करणारे ग्लुकॅगॉनही स्रवते. ज्याच्या स्वादुपिंडात अद्याप बळ शिल्लक आहे, त्याच्यात इन्सुलिनचे पारडे जड राहते आणि सोबत खाल्लेल्या भाकरीची शर्कराही आटोक्यात येते. प्रथिने पचविण्यासाठीच त्यांतील उष्मांकांचा २० ते ३० टक्के भाग खर्च होतो, पिष्टमय पदार्थांचा मात्र ५ ते १० टक्केच. पोट अधिक काळ भरलेले वाटते, हा आणखी एक लाभ. परंतु ज्याचे इन्सुलिनच क्षीण झाले आहे, त्याच्यात ग्लुकॅगॉनला अडविणारे कोणी नसते. टाइप १ च्या रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसती प्रथिने देऊन पाहिली, तेव्हा ५० ग्रॅमपर्यंत फारसा फरक पडला नाही. ७५ ग्रॅम वा त्याहून अधिक दिल्यावर मात्र काही तासांनी शर्करा चढली. पदार्थ एकच, परिणाम मात्र शरीरागणिक निराळा.

आपल्या देशापुरते बोलायचे तर २०२५ साली प्रसिद्ध झालेला आयसीएमआर-इंडियाब आहार-अभ्यास प्रत्येक वैद्याने लक्षपूर्वक वाचावा. सुमारे १ लाख २१ हजार प्रौढांच्या आहाराची पाहणी करून त्यांनी दाखविले की भारतीय माणूस आपल्या उष्मांकांपैकी ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून घेतो आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. पिष्टमय पदार्थांतील ५ टक्के उष्मांक काढून तेथे डाळी-कडधान्ये, दूध, अंडी वा मासे यांतील प्रथिने आणली, तर मधुमेह व मधुमेहपूर्व अवस्था यांचा संभव कमी आढळतो. पण याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष आपल्याला अधिक झोंबणारा आहे. पांढरा तांदूळ वा मैदा काढून त्याऐवजी गव्हाचे वा भरडधान्यांचे पीठ तेवढ्याच प्रमाणात खाल्ल्याने तो संभव कमी होत नाही. ‘पोळी बंद करा, ज्वारीची भाकरी खा’ हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो! आम्हीही उच्चारतो. रुग्ण दोन पोळ्यांऐवजी तीन भाकरी खातो आणि महिन्याभराने शर्करा तेवढीच घेऊन परत येतो.

हिशेब असा. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे ५ ग्रॅम प्रथिने आणि ३४ ग्रॅम कर्बोदके असतात. दोन वेळच्या मिळून सहा भाकरी खाणाऱ्याच्या पोटात २०० ग्रॅम कर्बोदके एकट्या ज्वारीतूनच जातात. आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सहकार्याने २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण दिला. त्यात लोह व जस्त अधिक आहे आणि प्रथिने नेहमीच्या १० ऐवजी सुमारे १२ टक्के आहेत. या वाणाचा आम्हाला अभिमान आहे. तथापि ज्वारीतील प्रथिने शिजविल्यावर पचायला जड होतात आणि त्यांत लायसिन उणे असते. ती उणीव डाळच भरून काढते. आपल्या पूर्वजांनी भाकरीशेजारी वरण वाढले ते उगीच नव्हे. मात्र आज ते वरण इतके पातळ झाले आहे की वाटीभर वरणात पंधरा ग्रॅमही डाळ नसते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, ‘मग डबा घ्यावा, हेच सिद्ध झाले.’ तसे नाही. कारण प्रश्न प्रथिनांचा असण्याआधी तो प्रमेही कोणता आहे, याचा आहे.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायात प्रमेहींचे दोन प्रकार आरंभीच वेगळे केले: एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल. पहिल्यास संशोधन, दुसऱ्यास बृंहण. सुश्रुताचार्यांनीही सहज प्रमेही कृश आणि अपथ्यज प्रमेही स्थूल असे सांगितले. पदवी परीक्षेत हा भेद आपण सर्वांनी लिहिला आहे. चिकित्सालयात मात्र समोरच्या कागदावरील शर्करेचा आकडा पाहून आपण तो विसरतो. त्याच ग्रंथात आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. प्रमेहाच्या हेतूंत दही, दूध, ग्राम्य-औदक-आनूप मांसरस आणि नवीन धान्य यांची गणना आहे. पथ्यात मात्र जुने सातू, मुगाचे यूष आणि जांगल मांस आहे. आजच्या भाषेत दोन्ही याद्यांत प्रथिने आहेत. आचार्यांनी प्रथिनांची बाजूही घेतली नाही आणि त्यांना विरोधही केला नाही. त्यांनी गुरू-लघू, स्निग्ध-रूक्ष आणि अग्नी पाहिला. ‘प्रथिन म्हणजेच मांसधातू’ असे सोपे समीकरण आपल्यातील काही मित्र व्याख्यानांतून मांडतात, ते आम्हाला मान्य नाही. मंदाग्नी असलेल्या स्थूल रुग्णाच्या पोटात गेलेले गुरू द्रव्य मांस वाढवील की क्लेद, हे डब्यावरील तक्ता सांगू शकत नाही.

कृश प्रमेही ही ग्रंथातली दुर्मीळ व्यक्ती आहे, असे कोणी समजू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे परिसरातील खेड्यांतून केलेले काम आता जगन्मान्य आहे. तेथील अर्भके सरासरी २.७ किलो वजनाची, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची ३.५ किलोची, तरीही वजनाच्या मानाने आपल्या अर्भकांत मेद टिकून होता आणि स्नायू उणे होते. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी व लंडनच्या डॉ. युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३; परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! याचाच अर्थ, वजनकाट्यावर कृश दिसणारा मराठी माणूस आतून मेदस्वी असू शकतो. दुसरीकडे, खरोखरच अन्नावाचून कृश झालेल्या, इन्सुलिन स्रवणेच उणे असलेल्या रुग्णांचा वेगळा गट आहे, हे वेल्लोर येथील रुग्णांवरच्या अभ्यासातून २०२२ मध्ये पुढे आले आणि एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्यास ‘टाइप ५’ असे नाव दिले. म्हणजे कृश प्रमेहीतही दोन तऱ्हा झाल्या. पोटाचा घेर मोजल्याशिवाय, दंड-मांड्या हाताने चाचपल्याशिवाय आणि बालपणाची, दुष्काळाच्या वर्षांची विचारपूस केल्याशिवाय त्या ओळखू येत नाहीत. १९७२ च्या दुष्काळात गर्भात वा पाळण्यात असलेली मराठवाड्यातील पिढी आज पन्नाशी ओलांडून आपल्यासमोर बसते आहे.

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी सोनपेठ तालुक्यातील एक शेतकरी आमच्याकडे आले. वय बावन्न, वजन ४६ किलो, मधुमेह नऊ वर्षांचा. तक्रार एकच: अशक्तपणा. पुण्यात नोकरीस असलेल्या मुलाने प्रथिनांचा डबा पाठविला होता. आम्ही नाडी पाहिली, वजन पाहिले, बृंहणाचा विचार मनात आला आणि ‘सकाळ-संध्याकाळ एकेक माप घ्या’ असे सांगितले. सोबत अश्वगंधा दिली. क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन तपासले नाही. पाच महिन्यांनी ते पायांवर सूज घेऊन आले, तेव्हा क्रिएटिनिन ३.१ होते.

डब्याने वृक्क बिघडविले, असे आम्ही म्हणत नाही. नऊ वर्षांच्या मधुमेहाने ते आधीच बिघडत आले असणार. पण मागाहून आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चार भाकरी, वाटीभर वरण, पेलाभर म्हशीचे दूध मिळून त्यांना रोज सुमारे ३५ ग्रॅम प्रथिने मिळतच होती. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम धरल्यास ४६ किलोच्या देहाची गरज ३८ ग्रॅमची. उणीव तीन ग्रॅमांची होती. आम्ही पन्नास ग्रॅमची भर घातली. एकूण किलोमागे १.८ ग्रॅमच्या वर! वृक्करोगाच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत मधुमेहजन्य वृक्कविकार असलेल्यास, डायलिसिस सुरू नसताना, किलोमागे ०.८ ग्रॅम सुचविले आहेत आणि १.३ च्या वर जाऊ नये असे बजावले आहे. प्रथिनांनी समृद्ध अशा जेवणानंतर वृक्कातील गाळण्याचा वेग वाढतो. निरोगी वृक्क तो भार सहज पेलते. मधुमेहात मात्र आरंभीच्या काळात वृक्क आधीच वाजवीपेक्षा वेगाने गाळत असते. दमलेल्या बैलाला आणखी ओझे लादावे, तसा हा प्रकार. त्या रुग्णाला अशक्तपणा प्रथिनांच्या उणिवेने नव्हे, तर वृक्काच्या क्षयाने आला असावा, हे तेव्हाच ध्यानात यायला हवे होते. बृंहण हा शब्द बरोबर होता. बृंहण कशाने आणि कोणत्या अग्नीवर, हे आम्ही पाहिले नाही.

औषधांकडेही असेच दुर्लक्ष होते. आपले बहुतेक रुग्ण ॲलोपॅथीच्या गोळ्या आणि आपली औषधे दोन्ही घेतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना भाकरी एकदम तोडली तर शर्करा धोकादायकपणे उतरते. डॅपाग्लिफ्लोझिन गटातील गोळ्या घेणाऱ्याने कर्बोदके जवळजवळ बंद केली, तर शर्करेचा आकडा फारसा न वाढताही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो; आकडा बरा दिसतो म्हणून वैद्यही फसतो. लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळच्या जेवणाच्या सल्ल्याने मराठवाड्यातील घरोघरी आहाराची चर्चा सुरू झाली, हे श्रेय त्यांचे आहे. परंतु पुस्तक ऐकीव, गोळ्या जुन्याच आणि वर प्रथिनांचा डबा, असा संगम करणारे रुग्ण स्वतःच्या मनाने चालतात. त्यांच्या गोळ्यांची मात्रा कोणी तपासलेली नसते. आहार बदलण्याआधी गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिण्यात आपल्याला कमीपणा वाटू नये.

आता औषधी विक्रेते बंधूंशी थोडे मोकळेपणाने बोलावयाचे आहे. २०२४ साली भारतीय बाजारातील ३६ प्रथिन-उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. जवळजवळ ७० टक्क्यांवरील प्रथिनांचा मजकूर चुकीचा निघाला. सुमारे १४ टक्क्यांत अफ्लाटॉक्सिन आणि ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले. हा अभ्यास करणारे केरळमधील यकृततज्ज्ञ आपल्या शास्त्राचे कठोर टीकाकार म्हणून प्रसिद्ध आहेत आणि वनस्पतियुक्त भुकट्यांवरही त्यांनी ताशेरे ओढले आहेत. म्हणून निष्कर्ष नाकारावेत, असे आम्हाला वाटत नाही. आपल्या कपाटातील ‘अश्वगंधायुक्त प्रोटीन’ त्या यादीच्या बाहेर आहे, याची खात्री आपल्यापैकी कोणी करून घेतली आहे? राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत प्रथिनांच्या भुकट्या टाळाव्यात, असेच सांगितले आहे. डब्यावरील नफा आसव-अरिष्टांपेक्षा जास्त आहे, हे आम्ही जाणतो. दुकानाचे भाडे आसवांवर निघत नाही, हेही खरे. परंतु गिऱ्हाईक डब्यासाठी एकदा येते आणि विश्वासासाठी वीस वर्षे.

एक गंमत येथे सांगावीशी वाटते. ‘व्हे’ या नावाने जे विकले जाते ती दुधाची निवळी वाळवून केलेली भुकटी आहे. आपले एक स्नेही रुग्णांना सांगत असत की दह्यावरची निवळी प्या, तीच ही. मस्तूचे गुण ग्रंथोक्त आहेत, त्यांबद्दल वाद नाही. पण लिटरभर निवळीत दहा ग्रॅमही प्रथिने नसतात. स्वदेशीच्या अभिमानानेही हिशेब चुकू नये.

मग प्रथिने वाढवावयाची असतील, आणि पुष्कळ स्थूल रुग्णांत ती वाढवावयास हवीतच, तर कोठून? ज्या जिल्ह्याच्या मोंढ्यात तूर, मूग, हरभरा आणि सोयाबीन यांच्या गाड्या उतरतात, तेथे हा प्रश्न पडावा, हेच नवल आहे. सोयाबीन आपण पिकवितो, विकतो आणि त्याचे तेल पिशवीतून विकत आणतो. घरात दाणा शिजत नाही. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये ३५ ग्रॅमहून अधिक प्रथिने आहेत. ते कच्चे दळू नये. उकळून, वाळवून, भाजून मगच ज्वारीत मिसळावे, म्हणजे पचनास अडथळा आणणारे त्यातील घटक नष्ट होतात. तूर, मूग, हरभरा यांच्या डाळींत २१ ते २४ टक्के प्रथिने आहेत, पण त्यांबरोबर पन्नास टक्क्यांहून अधिक कर्बोदकेही आहेत. म्हणून भाकरी तेवढीच ठेवून वर डाळ वाढविणे म्हणजे नुसती भर झाली. एक भाकरी ताटातून उचलली पाहिजे आणि तिच्या जागी घट्ट वरण, मटकीची उसळ वा कुळथाचे पिठले आले पाहिजे. अंडी खाणाऱ्यास एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने मिळतात आणि कर्बोदके जवळजवळ नाहीतच. परंतु गंगाखेडसारख्या जनाबाईंच्या गावी माळकरी घरात अंड्याचे नाव काढून आपण रुग्ण गमावू नये.

न्यूयॉर्क येथे २०१५ साली ११ रुग्णांवर केलेल्या प्रयोगात प्रथिने व भाज्या आधी आणि पाव शेवटी खाल्ल्यावर तासाभराने शर्करा सुमारे ३७ टक्क्यांनी कमी भरली. अन्न तेच, क्रम वेगळा. आमच्या रुग्णांना हा उपाय आवडतो, कारण त्याला पैसा लागत नाही. अडचण वेगळीच आहे. मराठवाड्यात भाकरी वरणात कुस्करून खातात. तेथे आधी काय आणि नंतर काय! आम्ही आता सांगतो की पहिली वाटी उसळ नुसती खा, मग कुस्करा. शहरातील मोंढ्याजवळ राहणाऱ्या एका चौऱ्याऐंशी किलो वजनाच्या भगिनींनी एवढेच केले आणि रात्रीची एक भाकरी सोडली. चार महिन्यांत वजन पाच किलो उतरले. त्यांच्या गोळीची मात्रा त्यांच्या डॉक्टरांनी निम्मी केली. त्या स्थूल होत्या, अग्नी तीक्ष्ण होता, वृक्क निर्दोष होते. तोच उपाय सोनपेठच्या शेतकऱ्यास लागू पडला नसता.

आपल्या संघटनेच्या येत्या सभेत आम्ही एक ठराव मांडणार आहोत. त्यास अनुमोदन द्यावे, ही विनंती. मधुमेही रुग्णास प्रथिनांची भुकटी सुचविण्यापूर्वी वा विकण्यापूर्वी सहा महिन्यांच्या आतील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिनचा अहवाल पाहावा. अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी प्रमाण ३० च्या वर असेल तर डबा देऊ नये व रुग्णास वृक्करोगतज्ज्ञांकडे पाठवावे. सभासद दुकानदारांनी तशी पाटी काउंटरवर लावावी. ‘आम्ही नाही दिला तर शेजारचा देईल’ हा आक्षेप येईल, हे आम्ही गृहीत धरले आहे. शेजारचा देईल, पण निदान त्या चिठ्ठीवर वैद्याची सही नसेल.

ते शेतकरी गृहस्थ आजही येतात. भाकरी, मोजून वाढलेले मुगाचे वरण आणि वृक्करोगतज्ज्ञांची औषधे, असे चालले आहे. मागील तपासणीत क्रिएटिनिन ३.४ होते. तो रिकामा डबा त्यांनी टाकला नाही. त्यात हरभऱ्याचे बी ठेवले आहे, असे परवा सांगत होते.